आधी पक्ष, मग देश : १९६४ ची रिपब्लिकन उमेदवारी

जुलै १९५२. शिकागोत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले होते. इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्कसन बोलायला उभे राहिले आणि समोर न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींमध्ये बसलेल्या टॉमस ड्युई यांच्यावर त्यांनी थेट बोट रोखले. यापूर्वी आम्ही तुमच्या मागून आलो आणि तुम्ही आम्हाला पराभवाच्या वाटेला लावलेत, असे त्यांनी भर मंडपात सुनावले. १९४४ आणि १९४८ अशा लागोपाठ दोन अध्यक्षीय निवडणुका ड्युई हरले होते. सभागृहात एकच गोंधळ उडाला. कुणी हुर्यो उडवली, कुणी टाळ्या पिटल्या. पण निकाल बदलला नाही. ड्युई आणि पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या जनरल आयझेनहॉवर यांनाच उमेदवारी मिळाली. 'मिस्टर रिपब्लिकन' म्हणून ओळखले जाणारे ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट तिसऱ्यांदा हात हलवत परतले आणि पुढच्या वर्षी वारले.

त्या दिवशी हरलेल्या उजव्या गटाने बारा वर्षांनी तोच पक्ष ताब्यात घेतला. त्यांच्याकडे ना लोकप्रिय सेनापती होता, ना न्यूयॉर्कच्या बँकांचा पैसा. त्यांच्याकडे होते एक छोटे नियतकालिक, काही पुस्तिका, आणि तालुकापातळीच्या कंटाळवाण्या बैठकांना शेवटपर्यंत बसून राहणारी माणसे. पक्ष त्यांनी जिंकला आणि चारच महिन्यांत देशात सपाटून मार खाल्ला. लेखणीच्या आणि संघटनेच्या जोरावर पक्षात काय साधता येते आणि देशात काय साधत नाही, हे १९६४ च्या त्या हंगामाने एकाच वेळी दाखवून दिले.

उमेदवार ठरायचा कसा?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. यादी दिल्लीहून येते आणि नाव नसलेला इच्छुक बंडखोरी करतो किंवा मुकाट बसतो. अमेरिकेत असे श्रेष्ठी नाहीत. अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातले प्रतिनिधी मतदानाने ठरवतात. त्यामुळे खरा प्रश्न असतो तो हा की, हे प्रतिनिधी कोण निवडतो?

आज बहुतेक राज्यांत प्राथमिक निवडणूक, म्हणजे प्रायमरी होते आणि सामान्य मतदारच तो कौल देतात. १९६४ मध्ये चित्र वेगळे होते. जेमतेम दीड डझन ठिकाणी प्रायमरी होत असे. बाकीच्या राज्यांत आधी वॉर्डाची बैठक, मग जिल्ह्याची, मग राज्याचे अधिवेशन अशा पायऱ्यांनी प्रतिनिधी निवडले जात. वॉर्डाच्या बैठकीला अनेकदा पाच-पंचवीस माणसेही नसत. पक्षातले जुने पुढारी आपापसात ठरवत आणि बाकीचे माना डोलवत. या तळाच्या पायरीकडे कुणाचे फारसे लक्ष नसे. उजव्यांनी नेमके तिथेच लक्ष घातले.

राग कशाचा होता?

१९३० च्या दशकातल्या महामंदीत अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी 'न्यू डील' आणली. वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, सरकारी कामांतून रोजगार, कामगार संघटनांना संरक्षण, धरणे आणि वीजप्रकल्प यांतून केंद्र सरकारचा पसारा कधी नव्हे इतका वाढला. रिपब्लिकन पक्षाने विरोध केला आणि त्यानंतर लागोपाठ चार अध्यक्षीय निवडणुका गमावल्या. यातून पूर्वेकडच्या पुढाऱ्यांनी धडा घेतला तो असा की, लोकांना हे सारे हवे आहे, तेव्हा ते मोडण्याची भाषा सोडावी आणि तेच अधिक काटकसरीने चालवून दाखवावे. आयझेनहॉवर यांनी आठ वर्षे तेच केले. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची योजना त्यांनी बंद तर केली नाहीच, उलट तिची व्याप्ती वाढवली.

मध्य-पश्चिमेतला लहान कारखानदार, टेक्ससमधला तेलवाला, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नव्या वसाहतींत घर घेतलेला अभियंता यांना ही आपल्याच पक्षाने केलेली शरणागती वाटे. कर कमी व्हावेत, केंद्राने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये, सोव्हिएत रशियाशी तडजोड नको, ही त्यांची मागणी होती. ती मांडायला देशपातळीवर प्रतिष्ठेचे असे व्यासपीठ मात्र नव्हते. मोठी वृत्तपत्रे आणि विद्यापीठे त्यांना कालबाह्य समजत.

नोव्हेंबर १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' हे साप्ताहिक निघाले. संपादक विल्यम बकली यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. तेलाच्या व्यवसायातल्या श्रीमंत कॅथलिक घराण्यातला, येल विद्यापीठात शिकलेला, वादात समोरच्याला हसतहसत उताणा पाडणारा हा तरुण. मुक्त बाजारवाले, धर्म आणि परंपरा मानणारे, आणि कम्युनिझमचे कडवे विरोधक या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या तिघांना त्याने एका अंकात आणून बसवले. अंक तोट्यात चाले आणि देणग्यांवर तगे. पण विखुरलेल्या वाचकाला आपण एकटे नाही हे त्यातून प्रथमच कळले.

या पत्राची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. १९५७ मध्ये दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचा प्रश्न पेटला असताना त्याने संपादकीय लिहून तिथल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेतली होती. ही भूमिका पुढे सगळ्या चळवळीच्या गळ्यात अडकली.

नाखूश नवरदेव

चळवळीला चेहरा हवा होता. तो अॅरिझोनात सापडला. बॅरी गोल्डवॉटर यांच्या घराण्याची फिनिक्समध्ये मोठी दुकाने होती. स्वतः हौशी वैमानिक आणि छायाचित्रकार, हवाई दलाच्या राखीव सेवेतले अधिकारी. १९५२ मध्ये सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यालाच हरवून ते निवडून आले होते. बोलणे सरळ, कधी कधी नको तितके सरळ. १९६० मध्ये त्यांच्या नावावर 'द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह' हे छोटेखानी पुस्तक आले. ते प्रत्यक्षात लिहिले होते बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांनी. केंटकीतल्या एका लहानशा गावातून छापलेले हे पुस्तक बघता बघता लाखांनी खपले आणि महाविद्यालयीन तरुणांच्या खोल्याखोल्यांत पोचले.

त्याच वर्षी जुलैमध्ये उजव्यांची जखम पुन्हा उघडी पडली. उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची उमेदवारी नक्की झालेली होती. तरी अधिवेशनाच्या तोंडावर ते गुपचूप न्यूयॉर्कला गेले आणि राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या घरी रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी जाहीरनाम्यातले मुद्दे त्यांच्या मनासारखे करून दिले. पक्षाने ठरवायच्या गोष्टी एका कोट्यधीशाच्या दिवाणखान्यात ठरल्या! गोल्डवॉटर यांनी या समझोत्याला रिपब्लिकन पक्षाचे म्यूनिक म्हटले, म्हणजे हिटलरपुढे टाकलेल्या गुडघ्यांच्या पंगतीला नेऊन बसवले. पण शिकागोच्या अधिवेशनात समर्थकांनी त्यांचे नाव पुढे केले तेव्हा त्यांनी ते मागे घेतले आणि समर्थकांनाच कानपिचक्या दिल्या. मोठे व्हा, पक्ष परत घ्यायचा असेल तर तो एक दिवस घेता येईल, पण त्यासाठी कामाला लागा, असा त्यांचा सांगावा होता.

ऐकणाऱ्यांनी तो मनावर घेतला. दोन महिन्यांत कनेक्टिकटमधल्या शॅरन गावी, बकलींच्या घरच्या आवारात 'यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम' ही तरुणांची संघटना उभी राहिली. ऑक्टोबर १९६१ मध्ये शिकागोत २२ जणांची एक बैठक झाली. बोलावणारे तिघे होते. 'नॅशनल रिव्ह्यू'चे प्रकाशक विल्यम रशर, ओहायोचे काँग्रेस सदस्य जॉन अॅशब्रुक, आणि न्यूयॉर्कचे एफ. क्लिफ्टन व्हाइट. तिघेही पक्षाच्या युवक शाखेत एकत्र वाढलेले आणि तिथल्या निवडणुकांचे डावपेच कोळून प्यालेले. लिहिणाऱ्यांचे वर्तुळ आणि संघटना बांधणाऱ्यांचे वर्तुळ या बैठकीत एक झाले.

व्हाइट यांचे तंत्र साधे होते. भाषणे नाहीत, पत्रके नाहीत. देशाचे विभाग पाडायचे, प्रत्येक राज्यात वॉर्डाची बैठक कधी होते, नियम काय, किती माणसे आणली तर ठराव आपला होतो, हे काढायचे. मग शेजारीपाजारी जमवून त्या बैठकीला जायचे आणि रात्री उशिरा विरोधक कंटाळून घरी गेले तरी हलायचे नाही. मॅनहॅटनमधल्या चॅनिन इमारतीतल्या एका कार्यालयातून हे काम चाले. दारावर त्याचा पत्ता लागेल अशी पाटी नव्हती.

एक अडचण होती. खुद्द गोल्डवॉटर यांना उभे राहायचे नव्हते. १९६३ च्या सुरुवातीला व्हाइट भेटायला गेले तर त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा या मंडळींनी ठरवले की, नवरदेव नाही म्हणत असला तरी वरात काढायचीच. एप्रिलमध्ये समिती जाहीर झाली आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, वॉशिंग्टनमध्ये देशभरातून आलेल्या समर्थकांचा मोठा मेळावा भरला. नको म्हणणारा माणूस उमेदवार होऊ लागला.

याच काळात बकलींनी घरातले एक भांडण अंगावर घेतले. रॉबर्ट वेल्च यांच्या 'जॉन बर्च सोसायटी'चे हजारो सभासद या चळवळीत राबत होते, पण वेल्च यांना स्वतः आयझेनहॉवरही कम्युनिस्टांचे हस्तक वाटत. फेब्रुवारी १९६२ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू'ने वेल्च यांच्यावर कडक टीका केली. मात्र रोख नेत्यावर ठेवला, सभासदांना दुखावले नाही. मते तर हवी होती. हा अर्धवट निवाडा पुढे महाग पडला.

एक लग्न आणि एक हत्या

१९६३ च्या वसंतात जनमत चाचण्यांत रॉकफेलर पुढे होते. मे महिन्यात त्यांनी दुसरे लग्न केले. वर्षभरापूर्वी त्यांचा घटस्फोट झाला होता. नवी पत्नी नुकतीच घटस्फोटित, आणि तिच्या चार मुलांचा ताबा पहिल्या नवऱ्याकडे गेलेला. त्या काळच्या अमेरिकेला, विशेषतः रिपब्लिकन कुटुंबांतल्या स्त्रियांना, हे रुचले नाही. काही आठवड्यांत रॉकफेलर घसरले आणि गोल्डवॉटर वर गेले.

२२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. गोल्डवॉटर आणि केनेडी यांचे वैयक्तिक संबंध चांगले होते. देशभर फिरून एकमेकांशी जाहीर वाद घालायचा असे त्यांच्या मनात होते. आता समोर लिंडन जॉन्सन आले, स्वतः दक्षिणेतले, शोकात बुडालेल्या देशाची सहानुभूती लाभलेले. वर्षभरात तिसरा अध्यक्ष देश स्वीकारणार नाही हे गोल्डवॉटर यांना उमगले होते. तरी हजारो लोकांनी आपल्यासाठी घरचे खाऊन काम केले आहे, त्यांना तोंडघशी पाडायचे कसे, या विचाराने ते राजी झाले. ३ जानेवारी १९६४ ला, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर प्लास्टरमध्ये असतानाच, त्यांनी फिनिक्सजवळच्या घराच्या अंगणात उमेदवारी जाहीर केली. मतदाराला प्रतिध्वनी नव्हे तर खरी निवड देईन, हे त्यांचे वचन होते.

बर्फापासून कॅलिफोर्नियापर्यंत

पहिली प्रायमरी १० मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये. गोल्डवॉटर लंगडत, कुबडीच्या आधाराने गावोगाव हिंडले आणि जाईल तिथे वाद ओढवून घेत गेले. निवृत्तिवेतनाची योजना ऐच्छिक करावी असे त्यांनी सुचवले, आणि ती बंदच करायची आहे असा अर्थ वृद्ध मतदारांपर्यंत पोचला. रॉकफेलर पाण्यासारखा पैसा ओतत होते. दोघांच्या भांडणात निवडून आला तिसराच! हेन्री कॅबट लॉज तेव्हा सायगावमध्ये राजदूत होते. त्यांचे नाव मतपत्रिकेवरही नव्हते. चार हौशी कार्यकर्त्यांनी टपालाने पत्रे पाठवून मोहीम चालवली आणि मतदारांनी स्वतःच्या हाताने नाव लिहून त्यांना सुमारे ३५ टक्के मते दिली. गोल्डवॉटर २२ टक्क्यांवर अडकले.

१५ मेला ऑरेगॉनमध्ये रॉकफेलर जिंकले. बाकीच्यांनी तिथे फिरणे सोडून दिले होते, त्यामुळे 'आपुलकी होती म्हणून आला' एवढाच त्यांचा प्रचार पुरला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोल्डवॉटर यांची हवा गेली होती. पण व्हाइट यांच्या वहीतले आकडे वेगळे होते. ज्या राज्यांत प्रायमरी नव्हती तिथे, कुणाचे लक्ष नसताना, एकेका अधिवेशनातून गोल्डवॉटर यांचे प्रतिनिधी शेकड्यांनी निवडले जात होते. तरीही एक मोठी प्रायमरी जिंकून दाखवणे भाग होते, नाहीतर मतपेटीत न टिकणारा, बैठकांतून घुसवलेला उमेदवार हा शिक्का कायम राहिला असता.

ती प्रायमरी कॅलिफोर्नियाची. ८६ प्रतिनिधी आणि जिंकेल त्याला सगळे. रॉकफेलर यांनी व्यावसायिक प्रचारसंस्था नेमली. अणुबॉम्बच्या बटणाजवळ तुम्हाला कोण हवा, असे विचारणारी पत्रके घरोघर गेली. गोल्डवॉटर यांच्याकडे होते स्वयंसेवक. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज परगण्यातल्या गृहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरून गल्ल्या वाटून घेतल्या आणि दारोदार फिरल्या.

त्यांच्या पिशवीत एक पुस्तिका असे. इलिनॉयमधल्या ऑल्टन गावच्या फिलिस श्लाफ्ली यांनी ती लिहिली आणि स्वतःच छापली होती. किंमत ७५ सेंट. नाव, गोल्डवॉटर यांच्या घोषणेवरूनच, 'अ चॉईस नॉट अॅन एको'. न्यूयॉर्कमधले मूठभर धनवान 'किंगमेकर' १९३६ पासून पक्षावर आपले उमेदवार लादत आले आहेत आणि म्हणूनच पक्ष हरतो, असा तिचा दावा होता. इतिहास म्हणून तो ठिसूळ होता, कारण मोठ्या घडामोडींमागे लेखिकेला सगळीकडे गुप्त कटच दिसत होता. पण १९५२ ची सल मनात धरून बसलेल्या वाचकाला आपल्या पराभवांची सलग गोष्ट प्रथमच कुणीतरी सांगितली होती. नोव्हेंबरपर्यंत या पुस्तिकेच्या सुमारे ३० लाख प्रती वाटल्या गेल्या. प्रतिष्ठित स्तंभलेखकांनी तिची दखलही घेतली नव्हती.

मतदान २ जूनला होते. ३० मेला न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर यांना मुलगा झाला. विस्मरणात चाललेले लग्न पुन्हा पहिल्या पानावर आले. गोल्डवॉटर यांना सुमारे ५१.६ टक्के मते पडली. २१ लाखांहून अधिक मतांत फरक होता ७० हजारांहूनही कमी. रॉकफेलर यांची शर्यत तिथेच संपली.

काऊ पॅलेस

विजयानंतर सतराच दिवसांनी, १९ जूनला, सिनेटमध्ये नागरी हक्क कायदा मताला आला. हॉटेले, नाट्यगृहे, नोकऱ्या यांत वर्णभेद करण्यास तो बंदी घालणार होता. ७३ विरुद्ध २७ मतांनी तो मंजूर झाला. रिपब्लिकन सिनेटरांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिले आणि सहा जणांनी विरुद्ध. त्या सहांत गोल्डवॉटर होते. १९५७ आणि १९६० च्या हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. आता त्यांचा आक्षेप घटनेचा होता. खासगी मालकाने कुणाला खोली द्यावी, कुणाला नोकरीवर घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार केंद्राला नाही, असे ते म्हणाले. हेतू काहीही असो, दक्षिणेतल्या वर्णभेदवाद्यांनी आपला माणूस ओळखला, आणि कृष्णवर्णीय मतदारांनीही ओळखले. कायदा पार पाडण्यात मोठा वाटा उचलणारे रिपब्लिकन नेते होते तेच एव्हरेट डर्कसन. महिन्याभराने गोल्डवॉटर यांचे नाव अधिवेशनात औपचारिकपणे मांडले तेही त्यांनीच. पक्षनिष्ठा अशी असते.

पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल विल्यम स्क्रँटन यांनी शेवटच्या महिन्यात उमेदवारीच्या शर्यतीत उडी घेतली. त्यांच्या कार्यालयातून गोल्डवॉटर यांना एक जहाल पत्र गेले. गोल्डवॉटर गटाने त्याच्या प्रती काढून प्रतिनिधींमध्ये वाटल्या, आणि काठावरचे लोकही चिडून गोल्डवॉटर यांच्याकडे आले.

१३ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये अधिवेशन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी माजी अध्यक्ष आयझेनहॉवर बोलले. भाषणाच्या ओघात त्यांनी खळबळ माजवणाऱ्या स्तंभलेखकांना आणि भाष्यकारांना टोला लगावला. त्यांना स्वतःलाही अपेक्षित नव्हते असे काही तरी घडले. प्रतिनिधी उठून उभे राहिले, पत्रकारांच्या कक्षाकडे वळून मुठी आवळून ओरडू लागले. बारा वर्षांचा राग होता तो. आपल्याविषयी लिहिले जाते, आपल्याशी कुणी बोलत नाही, हा राग. त्याच रात्री पक्षाच्या जाहीरनाम्यात अतिरेकी संघटनांचा निषेध करणारी दुरुस्ती मांडायला रॉकफेलर उभे राहिले. पाच मिनिटांचे भाषण आरडाओरड्यात पुनःपुन्हा थांबवावे लागले. देश अजून स्वतंत्र आहे, असे त्यांनी गर्दीला हसून ऐकवले. सभागृहात हजर असलेले कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी पुढे लिहिले की, हिटलरच्या जर्मनीतल्या ज्यूला काय वाटले असेल ते आपल्याला तिथे कळले.

१५ जुलैच्या मतदानात गोल्डवॉटर यांना १,३०८ पैकी ८८३ मते मिळाली. हवी होती ६५५. स्क्रँटन यांना २१४. जिंकणाऱ्याने अशा वेळी हरलेल्यांना जवळ घ्यायचे असते. गोल्डवॉटर यांनी स्वीकाराच्या भाषणात उलटच केले. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक हा दुर्गुण नव्हे आणि न्यायाच्या शोधात नेमस्तपणा हा सद्गुण नव्हे, असे ते ठासून म्हणाले. मंडप दणाणला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या लाखो मतदारांच्या मनात मात्र बर्च सोसायटीचे नाव आले. दोन वर्षांपूर्वीचा तो अर्धवट निवाडा आता अंगाशी आला.

आणखी एक गोष्ट घडली. विजय बांधून देणाऱ्या व्हाइट यांना पक्षाचे अध्यक्षपद मिळेल असा सर्वांचा कयास होता. ते गेले गोल्डवॉटर यांच्या अॅरिझोनातल्या मित्रमंडळाकडे. बकलींनाही प्रचारातून दूर ठेवले गेले.

चार महिन्यांचा कडेलोट

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. ७ सप्टेंबरला जॉन्सन यांच्या प्रचाराने एक जाहिरात दाखवली. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट. गोल्डवॉटर यांचे नावही न घेता ती एकदाच दाखवली आणि तेवढे पुरले. 'फॅक्ट' या नियतकालिकाने शेकडो मानसोपचारतज्ज्ञांच्या नावावर ते पदाला मानसिकदृष्ट्या अयोग्य असल्याचे छापले. त्यांनी खटला भरला आणि पुढे जिंकलाही, पण निवडणूक कधीच संपली होती. गोल्डवॉटर यांनीही स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न केला नाही. टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी वीज प्रकल्पावर त्यांनी त्याच खोऱ्यात जाऊन टीका केली.

११ सप्टेंबरला बकली 'यंग अमेरिकन्स'च्या मेळाव्यात बोलायला उभे राहिले. गोल्डवॉटर यांच्या येऊ घातलेल्या पराभवाविषयी त्यांनी सरळ बोलायला सुरुवात केली तेव्हा समोरची पोरे सुन्न झाली. काहींना रडू कोसळले. ही लढाई आज जिंकण्यासाठी नाही, पुढच्या पिकाचे बी पेरण्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या हंगामात उजव्या गोटातल्या कुणी केलेले हे सर्वांत स्वच्छ भाष्य.

२७ ऑक्टोबरला एका अभिनेत्याचे ध्वनिचित्रमुद्रित भाषण देशभर प्रसारित झाले. मुद्दे गोल्डवॉटर यांचेच, पण आवाज मृदू, चेहरा हसरा. रोनाल्ड रीगन यांचा राजकारणात प्रवेश झाला.

३ नोव्हेंबरला जॉन्सन यांना ६१ टक्के मते आणि राज्यवार मोजली जाणारी ४८६ निर्वाचक मते मिळाली. गोल्डवॉटर यांच्या वाट्याला ५२. अॅरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्ये, एवढेच त्यांना जिंकता आले. वर्णभेदाच्या बालेकिल्ल्यातल्या मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली, आणि जॉर्जियाने इतिहासात प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला.

हिशेब

पहिला परिणाम उजव्यांच्या हेतूच्या अगदी उलट झाला. जॉन्सन यांच्या लाटेने काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटांचे प्रचंड बहुमत आणले. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचे खरे संरक्षण देणारा कायदा, दोन्ही १९६५ मध्ये याच काँग्रेसने केले. राष्ट्रानुसार कोटा ठरवणारी स्थलांतराची जुनी पद्धतही तिनेच, दोन्ही पक्षांच्या मतांनी, मोडीत काढली. त्या कायद्याने आशियातल्या शिकलेल्या लोकांना दार उघडले. मुंबई-पुण्याहून डॉक्टर, अभियंते तिकडे गेले आणि पुढे शिकागोपासून न्यू जर्सीपर्यंत महाराष्ट्र मंडळे उभी राहिली, त्यामागे हा कायदा आहे.

दुसरा परिणाम हळूहळू दिसला. वृत्तपत्रांनी कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ गाडली गेली असे लिहिले. पण पक्षाच्या राज्योराज्यीच्या समित्या, देणगीदार, कार्यकर्ते हे सारे त्यांच्याकडेच राहिले. रिचर्ड व्हिग्युरी या तरुणाने वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरात बसून गोल्डवॉटर यांच्या देणगीदारांची हजारो नावे हाताने उतरवून घेतली आणि त्या यादीवर टपालाने निधी जमवण्याचा धंदा उभारला. बकली १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभे राहिले, १३ टक्के मते घेऊन हरले आणि पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीवर 'फायरिंग लाइन' हा वादाचा कार्यक्रम घेऊन आले. रीगन १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदी निवडून आले. त्यांचा प्रचार सांभाळला त्याच संस्थेने, जी दोन वर्षांपूर्वी रॉकफेलर यांच्यासाठी राबली होती.

१९६८ नंतर नियम बदलले आणि प्रायमरी बहुतेक राज्यांत आल्या. आता वॉर्डाच्या बैठकीत रात्रभर बसून भागणार नव्हते. मतदार गोळा करावे लागणार होते. १९७६ मध्ये रीगन यांनी आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाला, जेराल्ड फोर्ड यांना आव्हान दिले आणि अधिवेशनात ११८७ विरुद्ध १०७० मतांनी ते थोडक्यात हुकले. १९८० मध्ये ते उमेदवारही झाले आणि ४४ राज्ये जिंकून अध्यक्षही.

म्हणून अनेक उजवे भाष्यकार १९६४ ला लांबणीवर पडलेला विजय म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. रीगन यांनी निवृत्तिवेतन योजना मोडायची भाषा सोडली होती. ते प्रतिनिधींशी कमी आणि मतदारांशी जास्त बोलत. मधल्या सोळा वर्षांत व्हिएतनाम, महागाई आणि वॉटरगेट यांनी सरकारवरचा विश्वास पार खिळखिळा केला होता. बी १९६४ चे असेल, पाऊस मात्र त्या पेरणाऱ्यांचा नव्हता.

त्या चळवळीचे श्रेय नाकारता येत नाही. ज्यांना कुणी वाचत नव्हते त्यांनी लिहिले, जिथे कुणी जात नव्हते तिथे ते गेले, आणि तीन वर्षांच्या आत एक राष्ट्रीय पक्ष त्यांनी सनदशीर मार्गाने ताब्यात घेतला. पण पक्षातला उत्साह म्हणजे देशाचा कौल असे समजण्याची आणि अतिरेक्यांना हात राखून दूर ठेवण्याची किंमतही त्यांनीच मोजली. १९६० मध्ये निक्सन यांना कृष्णवर्णीयांची सुमारे एक तृतीयांश मते मिळाली होती. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांना सहा टक्क्यांच्या आसपास मिळाली. त्यानंतर आजवर एकाही रिपब्लिकन उमेदवाराला त्यांतली एक तृतीयांश मते परत मिळवता आलेली नाहीत.